संगणकाला 'नाव घेतलं की काम कर' ही सवय लावणाऱ्या ग्रेस हॉपर

आज कॉलेजातलं पोरगं पायथनमध्ये चार ओळी लिहितं आणि विंडोजच्या पोटातलं एखादं फंक्शन थेट वापरतं. आधी डीएलएल फाईल उघडायची, मग फंक्शनचं नाव सांगायचं. ते मेमरीत नेमकं कुठल्या पत्त्यावर बसलंय हे शोधायचं काम संगणकाचं. पॉवरशेलमध्येही तेच.

हे इतकं सवयीचं झालंय की कधीकाळी हा पत्ता माणसं वहीत बघून हाताने लिहायची, यावर विश्वास बसत नाही. त्या वह्यांना वैतागलेल्या एका गणिताच्या प्राध्यापिकेची ही गोष्ट.

ग्रेस मरे यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्कचा. गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला लहानपणी त्यांनी घरातली घड्याळं एकामागून एक खोलली होती. 1934 साली येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली आणि वॅसर कॉलेजात त्या शिकवत राहिल्या. हॉपर हे लग्नानंतरचं आडनाव. लग्न मोडलं, आडनाव तेच राहिलं.

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं. वय पस्तिशीच्या पुढे, वजन नियमापेक्षा सुमारे 15 पौंड कमी. तरी खास सवलत घेऊन 1943 मध्ये त्या राखीव दलात शिरल्याच. 1944 मध्ये पोस्टिंग मिळालं ते जहाजावर नाही, तर हार्वर्ड विद्यापीठात, 51 फूट लांबीच्या मार्क वन नावाच्या धुडासमोर.

खरा त्रास इथे सुरू झाला. एखादं गणित एकदा नीट सुटलं की ग्रेस आणि त्यांचे सहकारी तो तुकडा वहीत उतरवून ठेवत. पुन्हा लागला की एकमेकांच्या वह्यांतून नकलून घेत. नक्कल करताना आकडा चुकायचा. पुढे मेमरीत प्रोग्राम ठेवणारी यंत्रं आली तेव्हा आणखी एक भानगड वाढली. वहीतला तुकडा शून्य पत्त्यापासून लिहिलेला. तो 300 व्या जागी बसवायचा तर आतल्या प्रत्येक पत्त्यात 300 मिळवायचे, तेही हाताने. म्हणजे बघा, काम फक्त दोन, नक्कल आणि बेरीज. दोन्हींत माणूस चुकणार आणि दोन्ही संगणक डोळे झाकून करणार. मग ते संगणकालाच का देऊ नये?

हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. 1949 मध्ये त्या युनिव्हॅक बनवणाऱ्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत गेल्या आणि 1952 पर्यंत तिथे ए-झीरो तयार केलं. तपासलेले तुकडे टेपवर, प्रत्येकाला एक क्रमांक. प्रोग्रामरने क्रमांक सांगायचा. ए-झीरो तो तुकडा शोधणार, पत्ते दुरुस्त करणार, सगळं जोडून प्रोग्राम उभा करणार. त्या त्याला कंपायलर म्हणत. आजच्या भाषेत तो लिंकर किंवा लोडर जास्त वाटतो. पायथन डीएलएलमधलं फंक्शन नावाने शोधतं, त्या वाटेचं हे एक मूळ. फरक असा की पायथन आपली मेमरी स्वतः सांभाळतं, पण एकदा विंडोजच्या फंक्शनमध्ये शिरलं की ते संरक्षण संपतं. चुकीच्या प्रकारची माहिती पाठवली तर अख्खा प्रोग्राम कोसळू शकतो.

सगळं श्रेय एकट्या ग्रेसना देणं मात्र बरोबर नाही. केंब्रिजमध्ये डेव्हिड व्हीलर यांनी एडसॅक यंत्रासाठी अशाच तुकड्यांची लायब्ररी थोडी आधीच उभी केली होती. ग्रेस यांची लढाई वेगळी होती. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम काय लिहिणार, असं लोक धरून बसले होते. ए-झीरो चालून दाखवलं तरी ते वापरायला सुरुवातीला फारसं कुणी पुढे येईना.

त्या थांबल्या नाहीत. क्रमांकांनंतर थेट इंग्रजी शब्द आणले, ती फ्लो-मॅटिक भाषा. 1959 मध्ये एका समितीने कोबोल ठरवली, तेव्हा पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा होता. बँकांची कामं पुढे कित्येक दशकं कोबोलवर चालली.

व्हॉट्सॲपवर फिरणारी ती पतंगाची गोष्ट? 1947 मध्ये मार्क टूमध्ये खरंच पतंग सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला. पण तो ग्रेस यांनी शोधला नव्हता आणि 'बग' हा शब्दही त्याआधीचाच. त्यांनी गोष्ट रंगवून सांगितली, एवढं खरं.

1966 मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. मधला थोडा खंड सोडला तर ते सहा महिने 1986 पर्यंत लांबले. तोवर त्या 79 वर्षांच्या रीअर ॲडमिरल झाल्या होत्या. भाषणाला जाताना पिशवीत फूटभराच्या आतबाहेरच्या तारा असत. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेवढा जातो, तेवढी प्रत्येक तार. उपग्रहावरून संदेश यायला वेळ का लागतो असं विचारणाऱ्या अधिकाऱ्यांना त्या हीच तार दाखवत.

1 जानेवारी 1992 रोजी त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांना निरोप दिला गेला आणि 1997 मध्ये त्यांच्या नावाची एक विनाशिका अमेरिकेच्या नौदलात दाखल झाली.