बनवला आधी, शिकले त्यातून

कॉम्प्युटर बनवायचाय? असेंबल नाही हं, बनवायचा. ब्रेडबोर्डवर जुना झेड-एटी किंवा ६५०२ प्रोसेसर बसवायचा, मेमरी जोडायची, एकेक वायर स्वतः ओढायची. आर्णीतल्या एखाद्या रूमवर बसूनही हा उद्योग होऊ शकतो. घरचे विचारतील, मोबाइल त्याच्यापेक्षा लाखपटीने फास्ट आहे, मग हे कशाला? बरोबर हाच प्रश्न देशाच्या पातळीवर झेललेल्या माणसाची ही गोष्ट. आर. नरसिंहन.

जन्म १९२६, मद्रासचा. गिंडीच्या कॉलेजात टेलिकॉम इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत कॅलटेकला इलेक्ट्रिकलचं एमएस आणि इंडियाना विद्यापीठात चक्क गणितात पीएचडी. १९५४ मध्ये ते मुंबईत होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये आले, वय २८. त्याच सुमारास कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने ब्रिटनमधून तयार कॉम्प्युटर मागवला. मुंबईकरांनी ठरवलं, आपण बनवू. गंमत बघा, नरसिंहन सोडले तर टीममधल्या कोणीच कॉम्प्युटर कधी वापरला नव्हता. बहुतेकांनी पाहिलाही नव्हता!

मग त्यांनी काय केलं? डायरेक्ट मोठ्या मशीनला हातच घातला नाही. आधी एक छोटं, प्रयोगापुरतं मशीन करायला घेतलं आणि १९५६ मध्ये ते चालू करून दाखवलं. माझ्या मते अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. चुका करायच्या त्या छोट्यावर करून घेतल्या आणि १९५७ मध्ये खऱ्या मशीनला सुरुवात झाली.

ते केवढं होतं, ऐका. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह (आजोबांच्या रेडिओत असायचे तसले), १,७०० डायोड, १२,५०० रेझिस्टर. मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची. कड्यांमधून तारा ओवलेल्या, आणि कडं कोणत्या दिशेने चुंबकित झालंय त्यावरून शून्य की एक ते ठरायचं. ४० बिटचा एक शब्द, असे २,०४८ शब्द. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे फक्त १० केबी. व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही यात मावणार नाही. पण देशभरातल्या शास्त्रज्ञांची गणितं यावर सुटली.

जोडणी १९५९ मध्ये संपली, मशीन रीतसर कामाला लागलं फेब्रुवारी १९६० मध्ये. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक.

आता कडू भाग. टिफ्रॅक चालू झालं तोवर अमेरिकेत ट्रान्झिस्टरवाले कॉम्प्युटर बाजारात आले होते. म्हणजे आपलं मशीन जन्मतःच जुनं! १९६४ मध्ये टीआयएफआरनेच अमेरिकेचं सीडीसी ३६०० आणलं आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. कोणी म्हणेल, वेळ आणि पैसा वाया. हिशेब फक्त मशीनचा मांडला तर मलाही तेच वाटतं.

पण माणसांचं बघा. त्या टीममधले पी. व्ही. एस. राव पुढे मशीनला माणसाचं बोलणं कसं कळेल यावर काम करत राहिले. नरसिंहन स्वतः इलिनॉय विद्यापीठात गेले आणि कॉम्प्युटरने चित्र कसं ‘वाचायचं’ यावरच्या सुरुवातीच्या संशोधकांत गणले गेले. पुढे भाषेकडे वळले, म्हणजे आज तुम्ही ज्याला एआय म्हणता त्याच वाटेवर. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. १९७७ ला पद्मश्री.

अजून एक. सत्तरच्या दशकात सरकारने सीएमसी काढली, कॉम्प्युटरच्या देखभालीसाठी. पहिले अध्यक्ष नरसिंहनच. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा तिची देशभरातली मशीन्स सांभाळायची जबाबदारी सीएमसीवर आली आणि तिने ती पेललीही. नरसिंहन २००७ मध्ये बेंगळुरूत गेले.