पिएर क्यूरी : उष्णता आणि चुंबकत्व

मादाम क्यूरींचे नाव आपल्या घराघरांतील मुलांनाही ठाऊक असते. त्यांचे पती पिएर यांचे स्मरण मात्र बहुधा रेडियमच्या पाठोपाठच होते. रेडियमच्या आधी त्यांनी एकट्याने केलेले कार्य आम्हांस तितक्याच मोलाचे वाटते.

पिएर यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिस येथे झाला. वडील डॉक्टर होते. आपला मुलगा शाळेच्या चाकोरीत बसणारा नाही हे ओळखून त्यांनी त्यास घरीच शिक्षण दिले. स्फटिकावर दाब दिल्यास विद्युत् निर्माण होते, हे पिएर यांनी १८८० साली थोरले बंधू झाक यांच्यासह दाखविले. १८८२ पासून ते पॅरिसच्या नगरपालिकेच्या औद्योगिक भौतिकी व रसायन विद्यालयात होते. वेतन तुटपुंजे, स्वतंत्र प्रयोगशाळा नाही. जिना आणि साहित्याची खोली यांमधील बोळ हीच त्यांची कार्यशाळा !

लोखंड लाल होईतो तापविले की त्याचे चुंबकत्व जाते, हे गिल्बर्टने १६०० सालीच नमूद केले होते. पण ते कोणत्या उष्णतामानास जाते, आणि इतर पदार्थांचे काय होते, याची शिस्तशीर मोजणी पिएर यांनी केली. पीळ पडणाऱ्या तारेच्या नाजूक तराजूने, सुमारे १,४०० अंशांपर्यंत, एकेक पदार्थ त्यांनी तपासला. प्राणवायूसारख्या पदार्थांचे चुंबकत्व निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा नियम त्यातून निघाला. लोखंडाची गोष्ट निराळी. सुमारे ७७० अंश सेल्सियसला ते आपले प्रबळ चुंबकत्व गमावते. निकेल सुमारे ३५८ अंशांनाच. या मर्यादेस पुढे क्यूरी-बिंदू हे नाव मिळाले. अणुचुंबकांना एका दिशेस धरून ठेवणारे परस्परबंधन उष्णतेच्या हेलकाव्यांपुढे हार खाते, असा उलगडा पिएर वाइस यांनी १९०७ साली मांडला.

वर्षानुवर्षे लांबणीवर टाकलेला प्रबंध पिएर यांनी १८९५ साली सादर केला. त्याच वर्षी जुलैत विवाह झाला आणि नवदांपत्य सायकलींवरून फिरावयास गेले. पुढचे पोलोनियम, रेडियम व १९०३चे नोबेल पारितोषिक सर्वश्रुतच आहे. सरकारी मानचिन्ह त्यांनी नाकारले. त्यांना हवी होती प्रयोगशाळा. (बढतीच्या याद्या न्याहाळण्यात हयात घालविलेल्या आम्हां नोकरशहांस हे जरा अवघडच वाटते.)

त्यांच्या बिंदूचा खरा कस आता काही अणूंइतक्याच जाडीच्या धातुथरांत लागतो. थर जितका पातळ, तितके अणूंस शेजारी कमी. म्हणून क्यूरी-बिंदूही खाली येतो. लोखंडाच्या दोन थरांमध्ये क्रोमियमचा पातळ थर घातला, तर ते थर क्रोमियमच्या आरपार एकमेकांच्या चुंबकत्वाची दिशा ठरवितात, आणि तापमान वाढले की हे बंधन सैल होते. अशाच थरांच्या अभ्यासातून १९८८ साली फेर व ग्रुनबर्ग यांना लागलेल्या शोधावर संगणकाच्या चकतीवरील माहिती वाचणारी सूक्ष्म शीर्षे तयार झाली. त्या दोघांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९ एप्रिल १९०६ रोजी, पावसात, पॅरिसच्या र्‍यू दोफिन रस्त्यावर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून पिएर यांचा अंत झाला. वय अवघे ४६. मनाजोगती प्रयोगशाळा तोवर उभी राहिली नव्हती.