काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे

काशीक्षेत्री मराठी माणसाचा राबता फार जुना. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, मराठी सरदारांनी घाट बांधले आणि त्या घाटांच्या आश्रयाने वेदशास्त्रसंपन्न घराणी नांदली. या काशीकर मंडळींची आठवण निघाली म्हणजे झाशीच्या राणीचे नाव आपण अभिमानाने घेतो. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे मात्र सहसा कोणी घेत नाही. त्याचे कारणही उघड आहे.

शास्त्रीबुवांचा जन्म 1825 साली झाशीजवळच्या काशीपुरा या गावी, चित्पावन कुळात झाला. घराण्यातील वडीलधारी मंडळी बांद्याच्या नवाबाच्या पदरी होती. नीळकंठाचे सारे अध्ययन काशीत झाले आणि ऐन विशीत त्यांची बुद्धी तर्कशास्त्रात तळपू लागली. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदुधर्मावर आक्षेप घेतले होते. त्यास उत्तर म्हणून या तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. एवढ्यावर समाधान न होऊन पाद्री विल्यम स्मिथ यांस वादात जिंकावे म्हणून ते त्यांच्या दारी गेले. वैर घेऊन आलेल्या या पाहुण्यास स्मिथसाहेबांनी दार बंद केले नाही. वाद लांबला, वर्षे गेली, आणि जिंकावयास गेलेला तरुण 14 मार्च 1848 रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाला.

त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणीचे मरणच. 1850 च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला खरा. परंतु पंक्तीतील पान कोणता कायदा मांडून देणार? पत्नी लक्ष्मीबाईंनी पतीची सोबत केली, पण ती अल्पकाळच टिकली. सप्टेंबर 1853 मध्ये काशीत कन्या झाली आणि थोड्याच अवधीत त्या माउलीने डोळे मिटले.

या पोरक्या मुलीस स्मेल्स नावाच्या इंग्रज दांपत्याने पोटच्या पोरीप्रमाणे उचलून घेतले. ती नेली स्मेल्स म्हणून वाढू लागली. पुढे 1857 चा वणवा पेटला. काळा आणि गोरा यांच्यात उभा दावा पडला, स्मेल्स यांची सारी मालमत्ता त्यात गेली. मुलीचे शिक्षण करण्याची त्यांची ऐपत उरली नाही. तेव्हा स्टॉर्स नावाच्या पाद्र्याने तिचा भार उचलला, 1865 मध्ये तिला विलायतेस नेले आणि मागाहून दत्तकही घेतले. देश एकमेकांच्या रक्ताने माखलेला असता एका मराठी मुलीला दोन परक्या घरांनी आपल्या ताटातला घास दिला! 1880 मध्ये एलन लक्ष्मी गोऱ्हे या नावाने ती स्वदेशी सेवेसाठी परतली. तिची इंग्रजी भक्तिगीते पुढे दूरवर गेली. आपल्या मुलांनी आईचे नाव नावात ठेवावे, असे परमुलखात राहणाऱ्या आपणांस वाटते. तिने ते ठेवले.

पिता मात्र मुलीच्या बालपणी जवळ नव्हता. 1854 मध्ये महाराजा दुलीपसिंगाबरोबर शास्त्रीबुवा इंग्लंडला गेले. येथे त्यांना दोष द्यावासा वाटतो. पण विलायतेत त्यांच्या वाट्यास सुख आले असेही नाही. शुभवर्तमानात वाचलेले प्रेम आणि साधेपणा ते लंडनच्या रस्त्यांत शोधीत राहिले. ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांची त्यांनी गाठ घेतली, ती अत्यंत खिन्न मनाने. ज्यासाठी घरदार सोडले ते ख्रिस्ताच्या देशांतही आचरणात दिसू नये, याचे त्यांस अनावर दुःख झाले होते.

परतल्यावर 1860 मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी तो लगेच इंग्रजीत नेला. त्यातील खंडन कठोर आहे, आणि आम्हांस ते सर्वस्वी पटत नाही. 1870 मध्ये ते धर्मगुरू झाले. काउलीच्या संन्यस्त पंथात त्यांनी उमेदवारी केली. पुण्यात पंडिता रमाबाईंशी त्यांची भेट झाली. बाई इंग्लंडला गेल्यावर त्यांच्या शंकांची उत्तरे ते मराठी पत्रांतून देत राहिले. 1883 मध्ये बाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्यात या पत्रांचा वाटा त्यांनी स्वतः मान्य केला आहे.

काउलीच्या त्याच पंथाच्या पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये 1890 साली टिळक, रानडे प्रभृतींनी चहा घेतला आणि केवढा गहजब झाला, हे सर्वश्रुत आहे. एक पेला चहा देणे आणि घेणे यास तेव्हा किती धैर्य लागे, याची कल्पना त्यावरून येते. शास्त्रीबुवा त्या काळात हयात होते. 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ख्रिस्ती मताविरुद्ध त्यांनी तरुणपणी रचलेला तो संस्कृत ग्रंथ 1951 मध्ये उज्जैनला छापला गेला. संपादक होते सदाशिव कात्रे, महाराष्ट्राबाहेर विद्याव्यासंगात रमलेले आणखी एक मराठी गृहस्थ.