ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन

हल्लीं खिशांतील यंत्रावर बोट टेकलें, कीं छायाचित्र तयार! पूर्वीं तेंच चित्र अंधारांत जपावें, औषधांत बुडवावें, पाण्यांत धुवावें आणि मग कागदावर उतरवावें लागे, हें आमच्या पुष्कळ बालवाचकांस नवलाचें वाटेल. ही कष्टाची विद्या वयाच्या ४८ व्या वर्षीं मुळाक्षरांपासून शिकावयास बसलेल्या एका बाईंचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

ज्यूलिया मार्गारेट पॅटल यांचा जन्म ११ जून १८१५ रोजीं कलकत्त्यास झाला. वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी. आई फ्रेंच वंशाची. १८३६ च्या सुमारास त्या प्रकृति सुधारण्यासाठीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास, केप ऑफ गुड होप येथें गेल्या असतां दोन थोर गृहस्थांशीं त्यांची ओळख झाली. एक, कायदेपंडित चार्ल्स हे कॅमेरॉन. हे वयानें वीस वर्षांनीं वडील होते. मेकॉलेसाहेबांच्या ज्या मंडळानें हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा केला, त्याचे हे सभासद. यांच्याशीं १८३८ सालीं कलकत्त्यास त्यांचा विवाह झाला. दुसरे, ज्योतिषी सर जॉन हर्शेल. प्रकाशानें उमटलेलें चित्र पुढें पुन्हां प्रकाशानेंच काळें पडूं नये म्हणून हायपो नांवाचा क्षार वापरावा, ही युक्ति छायाचित्रणास यांनींच १८३९ सालीं दिली. या नव्या कलेचे कांहीं नमुने त्यांनीं आपल्या मैत्रिणीस कलकत्त्यास पाठविले होते. तें बीज वीस वर्षें तसेंच पडून राहिलें.

१८४८ सालीं कॅमेरॉन कुटुंब विलायतेस परतलें व १८६० पासून वाइट बेटावरील फ्रेशवॉटर या गांवीं राहूं लागलें. कविवर्य टेनिसन शेजारींच होते. मुलें मोठीं झालीं, आणि पति वरचेवर सिलोनांतील आपल्या कॉफीच्या मळ्यांकडे जात. घर रितें वाटूं लागलें. आईचा एकटेपणा जावा म्हणून १८६३ च्या डिसेंबरांत मुलीनें व जांवयानें त्यांस एक कॅमेरा भेट दिला. दुसऱ्यांनीं काढलेल्या छायाचित्रांचे संग्रह बाईंनीं पूर्वीं जमविले होते. स्वतः यंत्र चालविण्याचा हा पहिलाच प्रसंग.

बाईंनीं कोळशाची कोठी रिकामी करून तिची काळोखाची खोली केली आणि कोंबड्यांचें कांचेचें खुराडें झाडून तेथें चित्रें काढण्याची जागा केली. कोंबड्यांस मोकळें सोडून दिलें.

त्या काळची कृति अशी होती. कांचेच्या स्वच्छ तावदानावर कलोडिअन नांवाचें चिकट द्रावण ओतावयाचें व कांच हळूहळू कलती करून तें चारी कोपऱ्यांपर्यंत सारखें पसरावयाचें. मग अंधारांत तीच कांच रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची आणि ती ओली आहे तोंवर कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें. समोर बसणाऱ्यानें तितका वेळ, कधीं कधीं कित्येक मिनिटें, पुतळ्याप्रमाणें स्तब्ध बसावयाचें. लगेच अंधारांत परत येऊन औषध ओतलें म्हणजे कांचेवर उलटें चित्र उमटे, उजळ तें काळें आणि काळें तें उजळ. मध्यें थोडा उशीर झाला, कांच वाळली, कीं सारें फुकट. ओतणाराच्या हाताचा कंप, हवेंतील धूळ, बोटाचा स्पर्श, प्रत्येकाची खूण कांचेवर राही.

बाईंचें पहिलें चित्र गांवच्या एका शेतकऱ्याचें होतें. त्याला तासाला अर्धा क्राऊन देऊन त्यांनीं बसविलें. चित्र उमटलेंही, परंतु घाईंत कांचेच्या ओल्या बाजूवरून हात फिरला आणि शेतकरी पुसला गेला! पुढें दोन मुलांस एकत्र बसविलें, तर ऐन वेळीं एक मूल हंसलें आणि तीही कांच वाया गेली. मग त्यांनीं ॲनी फिल्पॉट नांवाच्या एका लहान मुलीस एकटीलाच बसविलें आणि तूं हललीस तर बिचाऱ्या मिसेस कॅमेरॉनचीं औषधें व कष्ट फुकट जातील, असें तिला कळवळून सांगितलें. मुलगी हलली नाहीं. हा १८६४ चा जानेवारी महिना.

कांचेवर चित्र आलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद रुप्याच्या क्षारानें तयार करून त्या कांचेखालीं चौकटींत दाबावयाचा व उन्हांत ठेवावयाचा. जानेवारींतलें विलायती ऊन तें किती! कागदावर चित्र पुरेसें गडद झालें कीं सोन्याच्या क्षारांत घालून त्याचा रंग सुधारावयाचा, हायपोनें तें पक्कें करावयाचें आणि मग धूत बसावयाचें. धुण्यांत कसूर झाली तर चित्र कांहीं वर्षांत पिवळें पडे. विहिरीचें गार पाणी एकेका चित्रास नऊ नऊ डबे लागे. हें सर्व करून बाईंनीं ॲनीचें चित्र त्याच दिवशीं चौकटींत बसवून तिच्या वडिलांच्या हातीं दिलें. त्यास त्या आपलें पहिलें यश म्हणत. पुढें ओलीं चित्रें हातांत घेऊन त्या जेवणाच्या खोलींत धांवत जात, आणि रुप्याच्या क्षाराचे डाग पडून मेजावरच्या चादरी कायमच्या खराब होत. घरच्यांची सहनशीलता आम्हांस बाईंच्या उत्साहाइतकीच वाखाणण्याजोगी वाटते.

वर्षाच्या आंत त्या लंडनच्या छायाचित्रण मंडळाच्या सभासद झाल्या, परंतु तेथील जाणत्या मंडळींस त्यांचें काम मुळींच रुचलें नाहीं. चित्रें अस्पष्ट आहेत, कांचेवर डाग व ओरखडे आहेत, असा आक्षेप होता. यांतील पहिली गोष्ट बाईंनीं जाणूनबुजून केली होती. प्रथम तें अपघातानें घडलें. परंतु भिंग फिरवितां फिरवितां मुद्रा जेथें सुंदर दिसे तेथेंच त्या थांबूं लागल्या. डागांची गोष्ट निराळी. तो निव्वळ उतावीळपणा होता, आणि त्यालाही कला म्हणावयास आम्ही तयार नाहीं. तथापि १८६६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत त्यांस सुवर्णपदक मिळालें, तें याच डाग असलेल्या कामाबद्दल.

बाई भाविक ख्रिस्ती होत्या. पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आत्म्याचे जे नऊ गुण सांगितले आहेत, त्यांवर त्यांनीं नऊ चित्रें करून १८६५ सालीं ब्रिटिश म्यूझियमला दिलीं. पवित्र मरियेच्या वेषांत बहुधा घरची मोलकरीण मेरी हिलिअर बसे. दुसरी मेरी, मेरी रायन, ही एका आयरिश भिकारणीची मुलगी; बाईंनीं तिला घरीं ठेवून शिकविली. लंडनला त्यांच्या चित्रांच्या प्रदर्शनांत हेन्री कॉटन नांवाच्या तरुणानें तिला पाहिलें व १८६७ सालीं तिच्याशीं विवाह केला. १९०४ सालीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष सर हेन्री कॉटन ते हेच.

१८६७ सालीं बाईंनीं वृद्ध हर्शेलसाहेबांचें चित्र घेतलें; पांढरे केंस विसकटलेले आणि डोळे काळोखांतून पाहणारे. त्याहून उत्तम मुखचित्र आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु १८६९ सालीं मोठा आघात झाला. त्यांच्या मोलाच्या ४५ कांचांवरील थर तडकूं लागला. त्यांनीं छायाचित्रण मंडळास उपाय विचारला. कोणी दमट हवेस दोष दिला, कोणी अपुऱ्या धुण्यास. झालेली हानि भरून निघण्याजोगी नव्हती. तरीही त्यांनीं काम चालूच ठेविलें, आणि १८७४-७५ त टेनिसनच्या काव्यांसाठीं चित्रांचे दोन भाग प्रसिद्ध केले.

या उद्योगांत पैसा मिळाला नाहीं, उलट खर्चच झाला, आणि मळ्यांचें उत्पन्नही बेताचेंच होतें. १८७५ सालीं पतिपत्नी सिलोनास राहावयास गेलीं. तेथें औषधें व शुद्ध पाणी मिळण्याची पंचाईत, त्यामुळें बाईंच्या हातून थोडींच चित्रें झालीं; त्यांत मळ्यांवर राबणाऱ्या माणसांचीं कांहीं आहेत. २६ जानेवारी १८७९ रोजीं त्या तेथेंच निवर्तल्या. सुमारें अकरा वर्षांच्या कामांतील जवळजवळ १,२०० चित्रें आज ज्ञात आहेत. बोगवंतलाव येथील संत मेरीच्या मंदिराच्या आवारांत त्यांचें थडगें आहे. पुढच्याच वर्षीं पतीसही त्यांच्या शेजारीं ठेवण्यांत आलें.