मार्टिनस बायरिंक

मार्टिनस विलेम बायरिंक (१६ मार्च, १८५१ – १ जानेवारी, १९३१) हे डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विषाणू हा जिवाणूंहून वेगळा रोगकारक आहे, हे त्यांनी १८९८ मध्ये मांडले. विषाणुशास्त्राच्या संस्थापकांत त्यांची गणना होते.

जीवन

बायरिंक यांचा जन्म ॲम्स्टरडॅम येथे झाला. त्यांच्या वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाल्याने त्यांचे बालपण ओढगस्तीत गेले. १८७७ मध्ये त्यांनी लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. वागेनिंगेन येथील कृषिविद्यालयात अध्यापन केल्यानंतर १८८५ पासून ते डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात संशोधक होते. १८९५ मध्ये ते डेल्फ्ट पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाले. ते आजन्म अविवाहित राहिले. शिस्तीच्या बाबतीत ते अत्यंत कठोर होते. १९२१ मध्ये ते निवृत्त झाले.

संशोधन

वागेनिंगेनमधील सहकारी अडॉल्फ मायर हे तंबाखूच्या मोझेक रोगाचा अभ्यास करीत होते. बायरिंक यांनीही रोगट पानांत जिवाणू शोधले. परंतु ते सापडले नाहीत. पुढे हा प्रश्न पुन्हा हाती घेऊन त्यांनी पानांचा रस चिनी मातीच्या सूक्ष्म गाळणीतून गाळला. जिवाणू अडवणाऱ्या या गाळणीतून आलेला रसही निरोगी रोपांना रोग देई. हेच निरीक्षण दिमित्री इवानोव्स्की यांनी १८९२ मध्ये नोंदवले होते. मात्र कारण जिवाणूच असावा, असे त्यांना वाटले. हा रोगकारक केवळ जिवंत, वाढत्या पेशींतच संख्येने वाढतो, हे बायरिंक यांनी ओळखले. त्यांनी त्याला सजीव संसर्गद्रव मानले व विषाणू म्हटले. इवानोव्स्की यांचे अग्रक्रमाचे श्रेय त्यांनी पुढे मान्य केले.

शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील नत्र स्थिर करणारे जिवाणू त्यांनी १८८८ मध्ये वेगळे केले.

मूल्यमापन

विषाणू द्रवरूप असतो, हे त्यांचे मत चुकीचे ठरले. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या विषाणूचे स्फटिक मिळवले; पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण दिसले. जिवंत पेशीवरील त्याच्या अवलंबित्वाचे तत्त्व मात्र टिकून राहिले.

समुद्री सस्तन प्राण्यांच्या रोगांचा शोधही याच तत्त्वावर उभा आहे. श्वानांच्या डिस्टेंपर रोगाचे कारण गाळणीतून पार होते, हे आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवले. १९८८ मध्ये नेदरलँड्ससह उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर सुमारे १८,००० सील मेले, तेव्हा आधी याच विषाणूचा संशय आला. पेशींमध्ये वाढवून केलेल्या तपासणीत तो त्याचा आप्त, परंतु स्वतंत्र विषाणू ठरला. गोवराच्या विषाणूचा समावेश असलेल्या मॉर्बिलिव्हायरस प्रजातीत त्याचे वर्गीकरण झाले.