कै. डॉ. इरावतीबाई कर्वे

कोंकणांतील मुरुडच्या कर्वे घराण्याच्या या स्नुषा. जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत. तेथील इरावती नदीवरून त्यांचें नांव ठेविलें गेलें. १९२८ सालीं त्या उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस गेल्या. बर्लिन येथें मानववंशशास्त्राचे विख्यात पंडित ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरु. गोऱ्या लोकांची बुद्धि श्रेष्ठ, आणि त्याची खूण म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन्ही बाजू असमान असतात, असें गुरूंचें अनुमान होतें. तें पडताळण्याचें काम या हिंदी विद्यार्थिनीकडे आलें. प्रसंग मोठा नाजूक! देश परका, भाषा परकी, आणि पदवी सर्वस्वीं गुरूंच्या हातीं. बाईंनीं निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या मोजल्या. वंश व असमानता यांचा कांहींच संबंध दिसेना. प्रयोगवहींत उत्तर आधीं लिहून मग मापें बसविणारे विद्यार्थी आम्हां शिक्षकांस चांगले ठाऊक आहेत. इरावतीबाईंनीं मापें सांगत होतीं तेंच प्रबंधांत लिहिलें. फिशरसाहेब प्रसन्न झाले नाहींत. तरी १९३० सालीं पदवी मिळाली. पुढें त्याच फिशर यांच्या मतांचा नाझी राजवटीनें आपल्या वंशविषयक धोरणासाठीं आधार घेतला. बाई पुण्यास परतल्या, आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजांत अध्यापन करूं लागल्या. १९७० सालीं त्या निवर्तल्या.