ब्योमकेशचा जन्मदाता : शरदिंदू बंद्योपाध्याय

डिटेक्टिव्ह म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो तो शेरलॉक होम्स. टोपी, पाईप आणि लंडनचं धुकं! पण धोतर-कुर्ता घालणारा, घरी बसून चहा पीत पेपर वाचणारा आणि 'डिटेक्टिव्ह' हा शब्दच न आवडणारा एक अस्सल देशी पठ्ठ्या आपल्याकडेही आहे. ब्योमकेश बक्षी! तो स्वतःला म्हणवतो 'सत्यान्वेषी', म्हणजे सत्याचा शोध घेणारा.

बासू चटर्जींनी १९९३ साली दूरदर्शनसाठी त्याच्यावर मालिका काढली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित आणि आपल्या सुकन्या कुलकर्णी सत्यवती. १९९७ मध्ये तिचा दुसरा भाग आला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली. मी तेव्हाच ती पाहिली आणि अक्षरशः वेडा झालो. मग या कथा लिहिणारा माणूस कोण, याचा शोध सुरू केला. तो माणूस आयुष्याची शेवटची अठरा वर्षं आपल्या पुण्यात राहत होता हे कळल्यावर तर मी उडालोच!

शरदिंदूंचा जन्म ३० मार्च १८९९ चा, जौनपूरचा. वडील वकील, घर बिहारमध्ये. कॉलेजसाठी ते कलकत्त्याला आले आणि विद्यासागर कॉलेजात शिकले. त्या काळी बाहेरगावची मुलं आणि नोकरदार तिथे 'मेस'मध्ये राहायचे. मेस म्हणजे नुसती खाणावळ नव्हे, तर खोली आणि जेवण दोन्ही. थोडक्यात आपलं होस्टेलच! 'सत्यान्वेषी' या कथेत अजित अशाच एका मेसमध्ये राहत असतो. तिथे जागा नसल्यामुळे एक अनोळखी तरुण त्याच्या खोलीत येऊन राहतो, नाव सांगतो अतुल. हा अतुलच ब्योमकेश, हे आपल्याला नंतर कळतं. म्हणजे भारतातल्या या गाजलेल्या जोडीची ओळख झाली ती रूम पार्टनर म्हणून!

पुढे शरदिंदूंनी कायद्याची पदवी घेतली आणि वडिलांच्याच व्यवसायात शिरले. घरची वकिली, तयार अशील, सगळं काही सेट. पण मन रमेना. १९२९ मध्ये, वयाच्या तिशीत, त्यांनी वकिली सोडली आणि पूर्ण वेळ लिहायचं ठरवलं. आज आपण 'पॅशन'बद्दल खूप बोलतो, पण पेनाच्या जोरावर संसार चालवायचा हे तेव्हा केवढं धाडस असेल!

१९३२ मध्ये ब्योमकेश जन्माला आला. पहिली कथा 'पथेर काँटा'. भर रस्त्यात माणसं मरून पडतात आणि त्यांच्या छातीत सापडते ग्रामोफोनची पिन! बंदूक नाही, आवाज नाही. ती पिन मारणारं यंत्र कोणतं, हे मी इथे सांगणार नाही. मेकॅनिकलवाल्यांनी डोकं लावून बघावं. वस्तू मात्र अगदी रोजच्या वापरातली आहे. 'अग्निबाण' या कथेत अशीच करामत आगकाडीची, ती केमिकलवाल्यांसाठी!

१९३६ पर्यंत दहा कथा झाल्या आणि शरदिंदूंनी ब्योमकेश बंद केला. १९३८ मध्ये ते मुंबईला आले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये हिमांशू राय यांच्याकडे सिनेमाच्या कथा लिहिण्याचं काम मिळालं. 'भाभी', 'दुर्गा' हे त्या काळातले चित्रपट. पुढची अनेक वर्षं सिनेमाच्या लिखाणात गेली. एकूण पंधरा वर्षं ब्योमकेशची एकही नवी कथा नाही!

मग एकदा कलकत्त्याला गेले असताना ओळखीच्या घरातल्या मुलांनी त्यांना विचारलं, ब्योमकेश का लिहीत नाही? एवढ्या वर्षांनंतरही पोरं आपला नायक विसरलेली नाहीत, हे बघून त्यांनी १९५१ मध्ये पुन्हा ब्योमकेश हाती घेतला. १९५२ मध्ये सिनेमाला रामराम ठोकला आणि थेट पुणं गाठलं. तिशीत वकिली सोडली, पन्नाशीत सिनेमा सोडला. दोन्ही वेळा कशासाठी? तर मनासारखं लिहायला मिळावं म्हणून.

पुण्यात त्यांची लेखणी नुसती धावली. 'शैलरहस्य' या कथेत ब्योमकेश चक्क महाबळेश्वरला येतो आणि तिथल्या हॉटेलातल्या भुताटकीबद्दल अजितला पत्र लिहितो. याशिवाय शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मावळ्या पोराच्या गोष्टी त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. विजयनगरवरच्या 'तुंगभद्रार तीरे' या कादंबरीला १९६७ मध्ये रवींद्र पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सत्यजित राय यांचा 'चिडियाखाना' आला, त्यात उत्तमकुमार ब्योमकेश झाले. रायसाहेबांनी ब्योमकेशच्या घरात एक पाळीव अजगर आणून ठेवला! मूळ कथेत तो नाही.

बासूदांनी असलं काही केलं नाही. छोटी घरं, साधे संवाद, मारामारी जवळपास नाहीच. कथा जशी आहे तशी मांडली. मला वाटतं मालिका टिकली ती यामुळेच. कारण शरदिंदूंचा ब्योमकेश सुपरमॅन नाहीच. तो लग्न करतो, बायकोशी वाद घालतो, त्याला मुलगा होतो, त्याचं वय वाढतं. होम्स कधी आपल्या शेजारी राहील असं वाटत नाही. ब्योमकेश मात्र वरच्या मजल्यावर राहत असेल असं वाटतं. डिटेक्टिव्ह कथा म्हणजे टाईमपास, असं समजणाऱ्यांचं शरदिंदूंना पटत नसे. या कथा सामाजिक कथा म्हणूनही वाचता याव्यात, हा त्यांचा आग्रह. म्हणूनच त्यांत खुनाइतकंच वारसाहक्क, हाव, फाळणीनंतरचं कलकत्ता हे सगळं येतं.

२२ सप्टेंबर १९७० रोजी शरदिंदू गेले. ब्योमकेशच्या बत्तीस कथा पूर्ण, तेहतिसावी 'बिशुपाल वध' अर्धीच राहिली. तिचा खुनी कोण, हे आता ब्योमकेशलाही सांगता येणार नाही! मालिका आली ती त्यानंतर तेवीस वर्षांनी. आपला ब्योमकेश देशभरातल्या घराघरांत पोचलेला त्यांना बघायला मिळाला नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

आपल्या होस्टेलमध्येही ड्रॉइंग शीटच्या मागे कविता लिहिणारे, सबमिशन सोडून नाटकाच्या तालमीला पळणारे कमी नाहीत. लगेच डिग्री सोडा असं मी म्हणत नाही, शरदिंदूंनीही ती पूर्ण केलीच होती! पण घरच्यांनी आखलेला रस्ता आणि आपल्याला हवा असलेला रस्ता वेगळे निघाले, तर तिशीत काय, पन्नाशीतसुद्धा वळता येतं, एवढं या माणसाकडून नक्की शिकावं. परीक्षा संपली की मालिका जरूर बघा. आणि जमलं तर रूम पार्टनरबरोबर बघा. अजित आणि ब्योमकेशची सुरुवातही तिथूनच झाली होती!